पहिलं झालं, दुसरं का अडलं?

मूल न होणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निपुत्रिक जोडपं येतं. आकडे मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. २७७ पाहण्या एकत्र करून १९० देशांचा अंदाज बांधणारा एक मोठा अभ्यास २०१२ साली 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूल हवं असलेल्या २० ते ४४ वयाच्या स्त्रियांपैकी पाच वर्षांत पहिलंच मूल न झालेल्या १.९ टक्के निघाल्या. एक तरी मूल झालेल्या आणि आणखी हवं असलेल्या स्त्रियांपैकी १०.५ टक्क्यांना तेवढ्याच काळात पुढचं मूल झालं नव्हतं. वैद्यकात याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. आधी एकदा दिवस राहिले आहेत, आता नवरा-बायको एकत्र राहतात, कोणतंही गर्भनिरोधक वापरत नाहीत आणि तरीही बारा महिन्यांत दिवस राहत नाहीत, ही त्याची साधी खूण. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचं. 'दुय्यम' हा शब्द फक्त क्रम सांगतो, पण आपण त्याला महत्त्वही दुय्यमच दिलं आहे. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांकडे पाहताना मला वाटतं ते असं: दुसरं मूल अडण्याची बरीचशी कारणं पहिल्या आणि दुसऱ्या मुलाच्या मधल्या काळात तयार होतात, त्यातली पुष्कळ टाळता येण्यासारखी असतात, आणि नेमका हाच काळ घरच्यांच्याही नजरेतून सुटतो, सरकारच्याही.

घरच्यांची नजर का चुकते, हे समजायला अवघड नाही. 'एक झालंय ना, मग दुसरंही होईल,' हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की त्यापुढे तपासणीचा विषयच निघत नाही. पहिली दोन वर्षं कोणी बोलत नाही. मग पहिल्या लेकराच्या पाठीवर कोणी नाही, अशी कुजबुज सुरू होते. पहिली मुलगी असेल तर कुजबुजीला धार येते. कानबाईला, वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलले जातात, कुणी गावातल्या जाणत्याकडून झाडपाला आणतं, आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत चार-पाच वर्षं निघून जातात. या बाईला कोणी वांझ म्हणत नाही, म्हणून तिच्या वाट्याला सहानुभूतीही येत नाही. सरकारी नजर वेगळ्या कारणाने चुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) प्रत्येक जिल्ह्याच्या पत्रकात १०४ निर्देशक आहेत. लसीकरण, रक्तक्षय, बाळंतपण, नसबंदी सगळं त्यात आहे, वंध्यत्वाचा एकही निर्देशक नाही. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांची नसबंदी झाली आहे, पुरुषांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. जी यंत्रणा इतकी वर्षं 'आता पुरे' कधी म्हणायचं तेवढंच विचारत आली, तिच्या नोंदवहीत 'हवं आहे पण होत नाही' हा रकाना नसावा यात नवल नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा शहरी, उशिरा लग्न करणाऱ्या, करिअरमागे धावणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न आहे, खानदेशाचा नाही. पण याच पाहणीत धुळे जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास आहेत. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे आणि जळगावही तिच्या वरच आहे. इथे अनेक घरांत पहिलं मूल विशीच्या उंबरठ्यावर होतं. लवकर लग्न म्हणजे लवकर आणि भरपूर मुलं, हा समज अर्धवट आहे. भारतातल्या बालविवाहांबद्दल २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की अशा मुलींमध्ये पहिल्या बाळंतपणाआधी गर्भनिरोधक न वापरणं, दोन बाळंतपणांत चोवीस महिन्यांपेक्षा कमी अंतर, नको असताना राहिलेले दिवस आणि गर्भपात या सगळ्यांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे कमी वयात, कमी रक्त असलेल्या शरीरावर बाळंतपण आणि गर्भपात पाठोपाठ येतात. यातली प्रत्येक घटना गर्भाशय आणि गर्भनलिकांसाठी जोखमीची असते. पंचविशीतल्या बाईचं दुसरं मूल अडतं तेव्हा दोष वयाचा नसतो. तिथे आधीच्या पाच-सहा वर्षांचा हिशेब मागावा लागतो.

त्या हिशेबात सर्वांत जड रकाना जंतुसंसर्गाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतल्या वंध्य जोडप्यांची एकाच पद्धतीने तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८५ साली आले. जगभरात वंध्य स्त्रियांपैकी एक तृतीयांशांचं कारण संसर्गाशी जोडता येत होतं, आफ्रिकेत हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर होतं. प्रजननक्षमता जन्मजात कमी असल्यामुळे हा फरक पडलेला नव्हता. बाळंतपण, गर्भपात आणि लैंगिक आजारांच्या वेळी मिळालेल्या वा न मिळालेल्या उपचारांनी तो पाडला होता. संसर्ग गर्भनलिकेपर्यंत चढला की आतलं नाजूक अस्तर चिकटतं आणि नळी बंद होते. स्वीडनमधल्या लुंड इथल्या दीर्घ अभ्यासात ओटीपोटाचा असा आजार एकदा झालेल्या सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्या जवळपास २० टक्के आणि तीन वा अधिक वेळा झालेल्या ४० टक्के स्त्रियांच्या नळ्या निकामी झालेल्या आढळल्या. म्हणजे पहिल्या वेळी उपचार झाला तर पुष्कळ वाचतं. आपल्याकडे तो होतो का, याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, सरासरी एकीला साडेतीनहून अधिक आजार होते, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं मानून ते अंगावर काढलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत चित्र याहून फार वेगळं असेल असं मानायला आधार नाही. यात जननमार्गाच्या क्षयाची भर घालावी लागते. तो खोकल्याविना येतो, पाळी कमी करतो आणि नळ्या व अस्तर गुपचूप खाऊन टाकतो.

दुसरा रकाना गर्भपाताचा आहे आणि इथे तोलून बोललं पाहिजे. नीट केलेल्या गर्भपाताने पुढे मूल होत नाही, हे खोटं आहे. भारतात १९७१ पासून कायदा आहे, आणि प्रशिक्षित हातांनी, योग्य मुदतीत केलेल्या गर्भपातानंतर प्रजननक्षमता कायम राहते. अडचण 'नीट' या शब्दात आहे. २०१५ साली देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी ७३ टक्के कोणत्याही दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासाने दाखवलं. गोळ्या बहुतेक वेळा आपलं काम करतात. पण मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळीनंतर आत काही शिल्लक राहिलं, ताप आला, रक्त थांबेना, तर ती बाई शेवटच्या क्षणापर्यंत कुणाला सांगत नाही. मग घाईघाईत क्युरेटिन होतं. जोरात खरवडलेल्या गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. जोसेफ अशरमन यांनी १९४८ साली वर्णन केलेला हा विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 'पिशवी साफ केली' त्यानंतर पाळी फारच कमी जाते, अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहायला हवं. जळगावच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या एक हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या, राज्यात ८९४. इतकी तूट आपोआप पडत नाही. मुलगी आहे म्हणून केलेला गर्भपात बेकायदा असतो, म्हणून तो चोरून आणि उशिरा, चौथ्या-पाचव्या महिन्यात होतो. म्हणजे नेमक्या सर्वांत धोक्याच्या अवस्थेत. मुलासाठी केलेल्या या खटाटोपातून पुढे कोणतंच मूल न होण्याची वेळ येऊ शकते.

बाळंतपणाचंही असंच. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, हे मोठं यश आहे आणि जंतुदोष कमी होण्यात त्याचा वाटा आहे. पण दवाखान्याने नवे प्रश्नही आणले. राज्यात चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं. अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर सिझरनंतर पुन्हा दिवस राहण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसतं. यातला काही भाग मुळात ज्या कारणासाठी सिझर केलं त्याचा असू शकतो, म्हणून सगळं खापर टाक्यांवर फोडता येणार नाही. तरी गरज नसलेलं सिझर टाळायला एवढं कारण पुरेसं आहे. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्ताविना मरू शकते. दूध येत नाही, पाळी परतत नाही, बाई कायम थकलेली आणि गारठलेली राहते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली नोंदवलेला हा विकार श्रीमंत देशांत आता दुर्मिळ झाला, काश्मीरसारख्या ठिकाणी मात्र तो आजही ठळकपणे सापडला आहे. याउलट ज्या गोष्टींवर लोक पहिला संशय घेतात त्या बहुतेक निर्दोष असतात. तांबीने नळ्या बंद होतात का, हे २००१ साली मेक्सिकोतल्या स्त्रियांवर तपासलं गेलं. तांबीचा संबंध दिसला नाही, जुन्या क्लॅमिडिया संसर्गाचा दिसला. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या की क्षमता लवकर परतते. फक्त सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून असलेल्या 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर शेवटच्या डोसापासून सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी सांगितलं तर तेवढ्या काळात घरात आग लागत नाही.

आतापर्यंतची चर्चा बाईच्या शरीराची झाली, आणि समाजही तिथेच थांबतो. आयुर्वेदाच्या 'हारीत संहिते'त एकाच मुलानंतर थांबलेल्या स्त्रीला काकवंध्या म्हटलं आहे. ही अवस्था जुनी आहे आणि तिचा दोष स्त्रीच्या नावावर लिहिण्याची सवयही तितकीच जुनी आहे. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो. पहिलं मूल हे पुरुषाला मिळालेलं कायमचं प्रमाणपत्र नव्हे. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात आणि ते कायम नव्याने तयार होत असतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा पुरावा आज लागू पडत नाही. मधल्या काळात अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असू शकतात, मधुमेह सुरू झालेला असतो, तंबाखूचं प्रमाण वाढलेलं असतं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास एक चतुर्थांश प्रौढांच्या तोंडात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू होती. खानदेशात मूल अडण्याचं आणखी एक कारण तर आजारच नाही. नवरा सुरतेत कापडाच्या कारखान्यात, बायको गावी, आणि भेट दिवाळीला वा अक्षय्य तृतीयेला. अशा जोडप्याला वंध्य ठरवण्याआधी ते महिन्यातले किती दिवस एकत्र असतात, हे विचारलं पाहिजे.

इथे कीटकनाशकांचा आणि उन्हाचा मुद्दा कोणीतरी काढणारच, आणि कापूस-केळीच्या प्रदेशात तो काढायलाही हवा. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या एका रासायनिक कारखान्यात कामगारांच्या आपापसांतल्या बोलण्यातून लक्षात आलं की गेल्या काही वर्षांत कुणालाच मूल झालेलं नाही. यातल्या अनेकांना आधी मुलं होती. तपासणीत डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाने शुक्राणू मारल्याचं निघालं. हेच रसायन मध्य अमेरिकेतल्या केळीबागांत वापरलं गेलं होतं आणि तिथले हजारो मजूर वंध्य झाले. आंध्रातल्या कपाशीच्या शेतांत फवारणी करणाऱ्या पुरुषांवरचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही त्यांच्या घरी प्रजननक्षमता कमी आणि गर्भपात जास्त दिसले. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, हेही खरं. पण यावरून खानदेशातला प्रत्येक अडलेला पाळणा फवारणीच्या किंवा उन्हाच्या नावावर टाकणं चूक ठरेल. डीबीसीपी हे एक विशिष्ट विष होतं, सगळी औषधं तशी नाहीत. उष्णतेचा परिणाम बहुधा दोन-तीन महिन्यांत भरून निघतो. लॅथ्रॉपचा धडा याहून साधा आहे: आधी बाप झालेल्या पुरुषाची क्षमताही जाऊ शकते, आणि ती गेली की नाही हे एका स्वस्त तपासणीने कळतं. म्हणून नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. आज अनेक घरांत बायकोची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण असं सगळं झाल्यावरच तिची आठवण होते.

'एक झालंय, तर दुसरं होईल' या वाक्याचाही न्याय करायला हवा, कारण ते सर्वस्वी खोटं नाही. उपचाराविना दिवस राहण्याची शक्यता वर्तवणाऱ्या वैद्यकीय सूत्रांत आधी एकदा दिवस राहिले असणं ही जमेची बाजूच धरली जाते. नियमित संबंध असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जोडप्यांना वर्षात दिवस राहतात, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढच्या वर्षात. म्हणून वर्षभर धीर धरणं शहाणपणाचं आहे. गफलत होते ती धीराला मुदत नसल्यामुळे. त्याच सूत्रांत बाईचं वय आणि आतापर्यंत गेलेली वर्षं या दोन गोष्टी उलट्या दिशेने ओढतात. भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात भारतीय स्त्रियांचा बीजसाठा सुमारे सहा वर्षं आधी उतरत असल्याचं दिसलं. पहिल्या मुलाने दिलेली सवलत वाट पाहण्यात किती वर्षांत संपते, ते कुणी सांगत नाही.

यावरचा वजनदार आक्षेप लोकसंख्येचा आहे. राज्याचा जननदर १.७ वर आला, २००५ पासून सरकारी नोकरीत दोन मुलांची अट आहे, मग एक असलेल्यांना दुसऱ्यासाठी सरकारने मदत का करावी? कायद्याच्याही मनात थोडं हेच दिसतं. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार हयात मूल असलेल्या जोडप्याला, ते मूल गंभीर आजारी किंवा दिव्यांग असल्याखेरीज, सरोगसीचा मार्ग बंद आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. दोन मुलांचं कुटुंब ही राज्याचीच शिकवण आहे. एकावर अडलेलं जोडपं काही ती मोडत नाही. शिवाय नियोजन म्हणजे हवं तेव्हा होणं आणि नको तेव्हा न होणं, दोन्ही. पहिली बाजू सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच दुसऱ्या बाजूसाठी लोक विश्वास टाकतात. मुलाच्या हव्यासाला यातून खतपाणी मिळेल, ही भीती अधिक खरी आहे. पण त्यावर गर्भलिंगनिदान कायद्याची कडक अंमलबजावणी हा उपाय आहे, आणि तो कायदा २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांनाही लागू आहे. चोरट्या गर्भपातात नळ्या गमावलेली बाई त्या हव्यासाची बळी आहे, तिला उपचार नाकारून हव्यास कमी होत नाही.

उपचारांच्या टोकाला टेस्ट ट्यूब बेबी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नातून १९८६ साली असं बाळ जन्मलं, त्याला चार दशकं होत आली. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ साली हा उपचार मोफत सुरू केला. आयुष्मान भारत योजनेत मात्र वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत, आणि खाजगीत एका खेपेला दीड-दोन लाख लागतात. म्हणून खानदेशातली जोडपी नाशिक, सुरत वा मुंबईला जमीन गहाण टाकून जातात. दत्तकाचा रस्ता एक मूल असलेल्यांनाही खुला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण या लेखाचा रोख मोठ्या यंत्रांवर नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे वीर्यतपासणी, थायरॉईड, सोनोग्राफी आणि नळ्यांची तपासणी एकाच दिवशी, नवरा-बायको दोघांची मिळून करून देणारा आठवड्याचा एक बाह्यरुग्ण विभाग चालवायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

त्याहून स्वस्त काम गावात होऊ शकतं. बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांपर्यंत जाते. ही पद्धत मुळात गडचिरोलीतच सिद्ध झाली. २०१८ पासून बाळासाठी ती पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा जाते, त्याचं वजन करते, लस विचारते. त्याच उंबऱ्यावर आईला चार प्रश्न विचारता येतील: पाळी आली का, पांढरं जातं का, ओटीपोटात दुखतं का, मधल्या काळात कुठली गोळी घेतली का. उत्तरांत काही खटकलं तर नवऱ्यासह उपचाराची चिठ्ठी, कारण एकट्या बाईला औषध दिलं तर संसर्ग घरातच फिरत राहतो. वंध्यत्वावरचा हा उपचार नव्हे, त्याला वेळेत घातलेला बांध आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणांची टक्केवारी वाढली म्हणून माता-आरोग्य सुधारलं, असं आपण आज समाधानाने म्हणतो. पहिलटकरीण सुखरूप घरी गेली, एवढ्यावर तो हिशेब मिटत नाही. पुढे तिला हवं असेल तेव्हा ती पुन्हा आई होऊ शकली का, हा रकाना जिल्ह्याच्या पत्रकात आला, तरच तो पूर्ण होईल.